चारीवरचा गुणाकार

निरवांगीत कालव्यातून फुटलेल्या एका चारीवर आठ शेतकरी, प्रत्येकाचं शेत अडीच एकर आणि पाणी दर खेपेला एकच दिवस, चोवीस तास. पाणीवाटप समितीने प्रत्येकाच्या पाळीचं शास्त्रशुद्ध सूत्र काढलं: ०.२५ + ०.५५ × २.५ ÷ ०.५. पाव तास पाणी शेतात पोचायला, पुढे दर अर्ध्या एकराला ०.५५ तास. सारजाबाईंचा नंबर आठवा होता आणि कांद्याची रोपं नुकती लावलेली, म्हणून त्या सभेला सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

त्यांची सून दिपाली शाळेत गणित शिकवायची. तिने गुणाकार-भागाकार आधी उरकले, पावणेतीन आले, त्यात पाव मिळवला आणि तीन तास सांगितले.

अध्यक्ष बापूसाहेबांनी डावीकडून सुरुवात केली. पाव आणि ०.५५ मिळून ०.८, गुणिले अडीच दोन, भागिले अर्धा चार. "चार तास!"

"आधी गुणाकार-भागाकार, बेरीज शेवटी, असा नियम आहे," दिपाली म्हणाली.

"आन् बेरीज कवाधरनं म्होरं उभी हाय, तिचं काय? मागनं आलेला गुणाकार मधी घुसनार? हितं आसला वशिला चालत न्हाय."

समितीला हे पटलं. गुणाकाराला लेखी समज देण्यात आली आणि उत्तर मताला टाकलं. चारच्या बाजूने आठही हात वर गेले. सारजाबाईंचा सगळ्यांत उंच होता. फुकटचा तास कुणाला नको असतो?

सहाव्या शेतकऱ्याचं रान भिजलं आणि चोवीस तास संपले. कालवा बंद झाला. सारजाबाई तरातरा बापूसाहेबांच्या दारात गेल्या.

"माझी रोपं माना टाकत्यात, बापूसाहेब. पानी कुठं हाय?"

"काकू, तुमची पाळी रद्द केल्याली न्हाय. अठ्ठावीस ते बत्तीस तासांत मंजूर हाय."

"दिवसाला चोवीसच तास असत्यात की!"

"ते समितीच्या हातात न्हाय. दिवस वाढवून मिळावा म्हनून वर अर्ज केलाय."

निम्मा कांदा वाळला. सारजाबाई बांधावर बसून रडल्या, समितीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि सुनेचं गणितच खरं, असं गावभर सांगत सुटल्या.

पुढच्या खेपेला नंबर उलटे फिरले. सारजाबाई पहिल्या आल्या. सभेत उत्तर पुन्हा मताला टाकलं, तेव्हा दिपालीने त्यांना हळूच कोपर मारलं.

"आत्याबाई, उठा. तीन तास म्हना."

"गप बस," सारजाबाई म्हणाल्या. "ह्या बारीला आपला नंबर पयला हाय."

आणि त्यांनी हात वर केला.

तुम्हाला सारजाबाईंचा राग आला असेल, तर तो रास्तच आहे. फक्त तुमचा नंबर कितवा तेवढं सांगा. उत्तर तीन की चार, ते मग ठरवू.