दत्ताभाऊ हेडफोन घेतात

दत्ताभाऊ कुणाला नमस्कार करत नाहीत. 'काय, कसं काय' हेसुद्धा नाही. गेल्या खेपेला जिथे थांबले होते, थेट तिथून ते सुरू करतात. मंगळवारी तुम्ही घाईत असता, 'येतो भाऊ' म्हणून जिना उतरता. शनिवारी भाजीच्या पिशव्या सावरत वर चढता, तर दुसऱ्या मजल्याच्या कठड्याला टेकून भाऊ उभे असतात आणि म्हणतात, "तर तो मला म्हणतो, टाकी तुमचीच गळते." कोण तो, कुठली टाकी, हे तुम्हाला आठवेपर्यंत पिशवीतल्या कोथिंबिरीने मान टाकलेली असते.

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत आमची सोसायटी आहे. भाऊ दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. म्हणजे माझ्या घराचा रस्ता भाऊंच्या तोंडावरून जातो. त्यांची उभी हयात शहाडच्या बाजूला एका कापड कारखान्यात गेली. यंत्रांच्या वर आवाज काढून बोलायची सवय तिथलीच. कारखाना सुटला, आवाज तेवढा घरी आला. "मुद्दा काय आहे," हे त्यांचं पालुपद. हे वाक्य आलं की समजायचं, मुद्दा आता दिसेनासा होणार.

सोसायटीने यावर आपापले उपाय शोधले होते. सेक्रेटरी फोनवर असल्याचं नाटक करत. पहिल्या मजल्यावरच्या काकू कुकरची शिट्टी झाल्याचं सांगत, कुकर लावलेला असो वा नसो. मी स्वतःला जरा हुशार समजतो, म्हणून मी इअरफोनची वायर कानात खुपसून जिना उतरायचो. वायरचं दुसरं टोक शर्टाच्या खिशात. त्याला मोबाईल नाही, काही नाही. वर मी मान डोलवायचो, म्हणजे गाणं चांगलं आहे असं वाटावं. एकदा ते टोक खिशातून बाहेर येऊन पोटावर लोंबत होतं आणि मी डोळे मिटून ताल धरत उतरत होतो. भाऊंनी मला थांबवलं, ती पिन दोन बोटांनी उचलली, हळूच माझ्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "पडली होती." मग बाजूला होऊन मला जायला वाट दिली. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. मी ते नशीब समजलो.

तर अशा माणसाला एके दिवशी आवाज बंद करणारे हेडफोन हवे झाले.

त्यांची मुलगी वैशाली मेलबर्नला असते. भाऊ एकदाच तिच्याकडे जाऊन आले होते आणि परत आल्यावर म्हणाले होते, "आता विमान नाही." का, ते सांगितलं नव्हतं. सगळं सांगणारा माणूस नेमकं तेवढंच सांगत नव्हता. आता वैशालीला मुलगी झाली होती, रांगायला लागली होती. वैशालीने मला फोन केला. "सतीशदादा, बाबांना तयार करा ना. विमानात त्रास होतो म्हणतात. काय होतं विचारलं की विषय बदलतात. ती चालायला लागायच्या आत त्यांनी तिला एकदा बघावं एवढंच."

मी खाली गेलो. भाऊ दारातच होते.

"जाईन," ते म्हणाले. "पण हेडफोन पाहिजेत. ते आवाज मारणारे येतात ना, तसले. फुल. टोटल. मिळाले तर जाईन, नाही मिळाले तर नाही जाणार. पोरीला तसं सांगून टाक."

"भाऊ, तुम्हाला आवाजाचा त्रास?" मी विचारलं. हसू दाबायला मला खोकावं लागलं.

"मला यातलं काही कळत नाही. तू शिकलेला. तू चल बरोबर."

शिकलेला म्हटलं की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. मी रात्रभर, नाही, जेवण होईपर्यंत इंटरनेटवर वाचलं आणि दुसऱ्या दिवशी भाऊंना बॅटरी, उशी, कानाचा घेर यांवर भाषण दिलं. माझं भाषण भाऊंनी मध्ये एकदाही न बोलता ऐकलं. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पहिली जोडी माझ्या मेव्हण्याची, उसनी. परीक्षा कुठे घ्यायची, ते भाऊंनी ठरवलं होतं. ते मला गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत घेऊन गेले. म्हणाले, "विमानाचा आवाज काय असतो? गिरणीच असते, वर उडते एवढंच. तू घाल. मी बोलतो. काय ऐकू येतं ते सांग."

"पण भाऊ, वापरणार तुम्ही. तुम्ही घाला."

"तू घाल रे."

मी घातले आणि बटण दाबलं. गिरणीची घरघर खरोखर गेली. पीठ पडत होतं, पट्टा फिरत होता आणि सगळं कसं लांब गावात चालल्यासारखं झालं. त्या शांततेत, घंटेसारखा स्वच्छ, दत्ताभाऊंचा आवाज आला: "गिरणी गेली का?"

"गेली."

"मी?"

"तुम्ही आहात, भाऊ. आधीपेक्षा बरे ऐकू येताय."

त्यांचा चेहरा पडला. "नापास," ते म्हणाले.

कानावर हेडफोन असले की आपण किती मोठ्याने बोलतो, ते आपल्याला कळत नाही. मी त्यांची समजूत घालायला गेलो. "भाऊ, नाराज होऊ नका, आज मी बायकोला ऑफिसचं काम आहे सांगून तुमच्यासाठी सुट्टी काढली आहे." हे वाक्य मी गिरणीच्या वर आवाज काढून म्हणालो, आणि त्याच क्षणी गिरणीवाल्याने पट्टा थांबवला. रांगेत ज्वारीचा डबा घेऊन आमच्या हिची मैत्रीण उभी होती. पुढचं सांगत नाही.

दुसरी जोडी मी ऑनलाइन मागवली, पसंत न पडल्यास परत करण्याच्या बोलीवर. ती घेऊन आम्ही उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेलो. तिथे करवतीची यंत्रं लाकडाला अशी भिडतात की दातात कळ येते. मी हेडफोन चढवून एका बाकावर बसलो. समोरून एक सुतार हातवारे करत धावत आला. त्याचं तोंड हलत होतं, मला काही ऐकू येत नव्हतं. मी त्याला अंगठा दाखवला, छान आहे म्हणून. तो कपाळाला हात लावून परत गेला. नंतर कळलं की त्या बाकाला नुकतंच पॉलिश मारलं होतं. माझ्या विजारीचा बराचसा भाग आजही त्या बाकाच्या मालकीचा आहे.

भाऊ मात्र खूश झाले. "त्याचं ओरडणं नाही ऐकू आलं?"

"अजिबात नाही."

"आणि माझं? मी तिकडं बांबूंच्या पलीकडे उभा राहून मुद्दा काय आहे ते सांगत होतो."

मला खोटं बोलायचं सुचलं नाही. "तुमचं आलं, भाऊ. मामाच्या म्हशीच्या गोष्टीपर्यंत सगळं."

"नापास."

परतीच्या रिक्षेत मी चिडलो. विजार सीटला चिकटत होती, हेही कारण असेल. "भाऊ, विमानात रडणारं पोर असेल, इंजिन असेल, ते बंद झालं की झालं. तुमच्यासारखा आवाज विमानात दुसऱ्या कुणाचा असणार आहे? तुम्ही स्वतःच्या आवाजापायी जोड्या नापास करत सुटलाय."

भाऊ रस्त्याकडे बघत होते. "तू थकला असशील तर राहू दे," ते म्हणाले. "मी दुसरा कोणी बघतो. पण घेणार तर असलेच."

वैशालीने तिकिटाची चौकशी करून ठेवली होती आणि रोज मला विचारत होती. शेवटी मी भाऊंना उल्हासनगर कॅम्प एकमध्ये माझ्या ओळखीच्या एका सिंधी दुकानदाराकडे नेलं. सगळे त्यांना हशूदादा म्हणतात. दुकान एवढंसं, पण कानात, हातात, गळ्यात घालायचं जे जे वाजतं ते सगळं तिथे टांगलेलं. हशूदादांनी आमची हकीकत ऐकून घेतली आणि मान हलवली.

"साईं, बात ऐसी है," ते म्हणाले, "ये मशीन का आवाज काटता है. पंखा, एसी, इंजन, सब काटेगा. आदमी का आवाज पूरा काटनेवाला अभी बना नहीं. बनता तो पहले मैं पहनता, घर में."

"विमानात शेजारी माणूसच बसतो ना?" भाऊ म्हणाले. "मशीन थोडंच बसतं."

हशूदादांनी फळीवरून एक काळी, जाड उशांची जोडी काढली. "ये लो. इसमें धीमा म्युझिक चलाओ, तो आदमी भी नब्बे टका गायब. अंकल, आप पहनो. जिसको पहनना है, वो देखे."

"मला नाही घालायचेत."

"तो किसको?"

"खिडकीवाल्याला," भाऊ म्हणाले. "नाही तर मधल्याला. माझ्या शेजारी जो येईल, त्याला."

दुकानातला पंखा फिरत होता. हशूदादांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाऊंकडे.

"गेल्या खेपेला एक पोरगा होता शेजारी," भाऊ काउंटरकडे बघत म्हणाले. "चांगला होता. जेवण येईपर्यंत ऐकलं त्यानं. मग हवाईसुंदरीला काहीतरी बोलला आणि उठून पार मागं गेला. मी पाय मोकळे करायला गेलो तेव्हा बघितलं, संडासाच्या दाराशी जागा मिळाली होती त्याला. दार उघडलं की त्याच्या गुडघ्याला लागायचं. मेलबर्नपर्यंत तसाच बसला बिचारा. माझ्यापायी. माझ्या बाजूची त्याची खुर्ची पुढं रस्ताभर रिकामी."

"भाऊ, मग गप्प बसायचं," मी म्हणालो. बोलल्यावर वाटलं, नसतं बोललो तर बरं.

"बसतो की. ठरवून बसतो. नाही राहवत. म्हणून म्हटलं, आपणच त्याला द्यावेत. बसल्या बसल्या द्यायचे. बाबा, हे घाल, मग मी बोललो तरी तुला त्रास नाही." ते माझ्याकडे वळले. "तुझ्या कानावर घेऊन बघत होतो, कारण तुला माझा त्रास होतो हे मला माहीत आहे. तुला ऐकू नाही आलं तर कुणालाच नाही येणार."

इतके दिवस मी तज्ज्ञ म्हणून हिंडत होतो. निवड माझी झाली होती ती त्रासलेला माणूस म्हणून.

मी ते काळे हेडफोन चढवले. हशूदादांनी त्यात कसलीशी मंद बासरी लावली आणि दुकानातल्या मोठ्या स्पीकरवर विमानाच्या इंजिनाचा आवाज. इंजिन नाहीसं झालं. मी ओठ वाचून सांगू नये, म्हणून भाऊ माझ्याकडे पाठ करून मागच्या फळीकडे तोंड करून उभे राहिले, आणि बोलायला लागले.

बासरीच्या मागून, भिंतीपलीकडून यावा तसा, त्यांचा आवाज येत होता. एरवीच्या मानाने हळू बोलत होते. पण ते दत्ताभाऊ होते.

"सतीश, तुला ऐकू येत नसेल तर बरंच आहे. शालू दवाखान्यात होती ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, पेशंटला ऐकू जातं. मी बोलत राहिलो. दूधवाल्यानं भाव वाढवला, त्याच्याशी कसा भांडलो, ते सांगत होतो. तिला हसू यायचं असल्या गोष्टींचं. नर्सनं येऊन माझ्या खांद्याला हात लावला, तेव्हा कळलं. किती वेळ झाला होता, काय माहीत. मी सांगतच होतो. तेव्हापासून कुणापुढे थांबायचं म्हटलं की भीती वाटते. मी थांबलो आणि बघितलं, तर समोरचं माणूस गेलेलं असेल."

शालूवहिनी गेल्यापासून एवढ्या वर्षांत भाऊ बायकोबद्दल कधी एक शब्द बोलले नव्हते. हशूदादांच्या कानावर काहीच नव्हतं. ते काउंटरवरचा स्वच्छ भाग फडक्याने पुसत होते.

भाऊ वळले. हाताने खूण केली, काढ. मी हेडफोन काढून हातात धरले.

"बोल. काय ऐकू आलं?"

गिरणीत मी खरं सांगितलं होतं, सुतारांच्या बाजारात खरं सांगितलं होतं. दोन्ही वेळा मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही? मामाची म्हैस?"

"म्हैस होती का? मला नुसती बासरी ऐकू आली, भाऊ."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी चेहरा जमेल तितका मठ्ठ ठेवला, त्याची मला सवय आहे. मग ते हशूदादांकडे वळले.

"हा खरं बोलतोय का हो?"

"अंकल," हशूदादा फडकं घडी करत म्हणाले, "मेरे पास इससे अच्छा पीस नहीं है."

"पास," भाऊ म्हणाले. खांदे एकदम खाली आले त्यांचे, ओझं उतरवल्यासारखे. "सतीश, पोरीला फोन लाव. तिकीट काढ म्हणावं. खिडकी नको म्हणावं, खिडकी त्याला राहू दे."

मी फोन लावला. पलीकडून वैशालीने नाक ओढल्याचा आवाज आला. इकडे हशूदादा हेडफोन खोक्यात ठेवून पिशवी शोधत होते.

"पिशवी नको," भाऊ म्हणाले. "तो चकचकीत कागद आहे ना, त्यात बांधा. अनोळखी माणसाला द्यायचंय, बरं दिसलं पाहिजे."

हशूदादांनी निळा कागद घेतला, कोपरे दुमडले, वर चिकटपट्टी लावली आणि एक छोटी चिठ्ठी चिकटवली. पेनाचं टोपण काढून त्यांनी विचारलं, "नाम क्या लिखूँ, अंकल?"

भाऊंनी बराच विचार केला.

"ते कोरंच ठेवा," ते म्हणाले. "बसल्यावर विचारून लिहितो." मग माझ्याकडे बघून त्यांनी जरा चाचरत विचारलं, "एवढं विचारलं तर चालेल ना रे? नाव, गाव, एवढंच?"