सूचना असल्यास लिहा

आमच्या शेजारचे बिराजदार सर कुणाकडं चहा प्यायले की उलट त्याच्यापुढंच कागद धरतात. "अभिप्राय द्या." म्हणजे चहा माझ्या घरचा, प्यायचा यांनी, आणि यांनी तो कसा प्यायला हे लिहायचं मी! कागदावर चार चौकोन. उत्कृष्ट, चांगले, बरे, सुधारणेस वाव. खाली एक ओळ : सूचना असल्यास लिहा.

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. करमाळ्याकडनं सोलापुरात आलो, चादरीच्या कारखान्यात जन्म घालवला. वाचता येतं, लिहायला घाम फुटतो. या माणसानं मला जेवढं लिहायला लावलं तेवढं शाळेतल्या मास्तरानंही लावलं नव्हतं.

सर पोरांना शिकवत नाहीत. मास्तरांना शिकवतात. पोरांना वाचायला कसं लावायचं, इंग्रजी बोलतं कसं करायचं, हे तालुक्या-तालुक्यात सांगत हिंडायचं. तीस वर्षं हेच. चार माणसं दिसली की गट पाडायचे, ही खोड अंगात मुरलेली. एकदा नळावर बायका भांडत होत्या. सरांनी एक-दोन-तीन-चार मोजून चार गट केले, स्केचपेन वाटले, "भांडणाची कारणं लिहा" म्हणाले. कारणं लिहीपर्यंत पाणी गेलं. आता पाच दिवसांनी येणार. त्या दिवशी चारी गटांनी मिळून सरांना धरलं. शेजारच्या शेळीलासुद्धा ते "धिस इज अ गोट" सांगतात, आणि ती ओरडली की टाळी वाजवतात.

उद्या प्रशिक्षण असलं की आज दुपारी आमच्या कट्ट्यापुढं त्याची तालीम. ऐकायला माझी बायको हिरा, सुपात विड्या वळत. तिला अक्षर येत नव्हतं. तरी सर विचारायचे, "मॅडम, या गटाचं उत्तर?" ही मान वर न करता म्हणायची, "व्हय की, बरोबर हाय. फुडं बोला." शेवटी कागद. ही चारी चौकोनांवर अंगठा उठवायची. सूचना ती सांगायची, सर लिहायचे. कायम एकच सूचना : जेवून जावा. सर एकटा जीव. जेवून जायचे.

हिवाळ्यात हिरा गेली. तेराव्याला मी भिंतीला टेकून बसलो होतो. सरांनी आलेल्या माणसांचे गट पाडले. "दोन नंबर, वरण घ्या!" जेवणं झाल्यावर कागद वाटले. टेंभुर्णीच्या मेव्हण्यानं 'सुधारणेस वाव'वर खूण केली, वर मला म्हणतो, "खरं सांगू का दाजी, आमटीला मीठ न्हवतं."

माझं डोकं फिरलं. कागद चुलीत घातले. "सर, माझी बायकू मेलीया. हितं शिबिर न्हाय. परत ही पायरी चढू नका."

सर गेले. दोन महिने फिरकले नाहीत. शेळीशीही बोलले नाहीत.

परवा दुपारी आले. पायरीखालीच थांबले. काखेत तक्त्यांची गुंडाळी.

"मारुतराव, उद्या माझं शेवटचं प्रशिक्षण. मग निवृत्त."

"मग?"

"दोन महिने एक सत्र धड झालं नाही. उभा राहतो, पुढचं सुचतच नाही. एकदा इथं करून बघू का?"

हिराची जागा सोडून बाजूला बसलो. सरांनी तक्ता टांगला. "मित्रहो, वाचन म्हणजे काय?" म्हणाले आणि थांबले. त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिले.

मला राग आला. त्यांचा का तिचा, कुणास ठाऊक. खाली बघत ओरडलो, "व्हय की, बरोबर हाय! फुडं बोला!"

सर बोलायला लागले. तासभर बोलले. संपल्यावर सवयीनं कागद काढला, मग दचकून परत खिशात घालायला लागले.

"आना हिकडं."

चौकोन सोडून दिले. खालच्या ओळीवर एकेक अक्षर जुळवत लिहिलं : जेवून जावा.

सरांनी वाचलं. बराच वेळ चष्मा पुसला.

"तुम्हाला स्वयंपाक येतो, मारुतराव?"

"न्हाय."

"मग गट पाडू."

दोघंच होतो. तरी त्यांनी बोट करून मोजलं. "एक... दोन." भात त्यांनी घेतला. भाकरी माझ्या गटाकडं आली.