कमानीखालची बाई

म्युरिअल सग्डनने नवऱ्याला, क्लिफर्डला, सांगितलेलं काम एवढंच होतं, की शनिवारी हिल्डा यायच्या आत दारापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळाला पांढरा रंग मारून ठेव. हिल्डा तिची थोरली बहीण. आई गेल्यावर तिच्या चहाच्या सेटवरून दोघींचं जे बिनसलं, ते इतकी वर्षं तसंच होतं. आणि आता अचानक फोन करून ती चहाला येते म्हणाली होती. हिल्डाच्या हॅलिफॅक्सहून म्युरिअलचं स्कारबरो काही फार लांब नाही, पण या दोघींना ते अंतर आजवर कापता आलं नव्हतं. त्यामुळे बोळ स्वच्छ दिसणं गरजेचं होतं.

क्लिफर्डने ब्रश भिजवलाही होता. बोळाच्या मध्यावर एक कमान होती आणि तिची दोन्ही टोकं भिंतीतून पुढे आलेल्या प्लास्टरच्या एकेका टेकूवर बसली होती. कॉर्बेल म्हणतात त्याला. घर बांधलं तेव्हा त्यांवर काहीतरी नक्षी असणार, पण पुढे जो आला तो रंगाचा एक थर चढवून गेला, आणि आता ते दोन सोललेल्या बटाट्यांसारखे दिसत. डावीकडच्या बटाट्याला ब्रश लावताना क्लिफर्डला दिसलं, की एका कडेला पोपडा सुटलाय आणि आत कान आहे.

कान दिसल्यावर पुढचं बघावंसं वाटणारच. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, रस्ता कुठं जातो ते माहीत असण्याचीच सवय. त्याने रंग काढायचं औषध आणलं आणि आइस्क्रीमच्या काडीने हळूहळू खरवडू लागला. कानामागून गाल निघाला, गालावर टोपीची झालर.

शेजारच्या मिसेस थ्रेलफॉल साखर मागायला आल्या आणि जिन्याच्या पायरीवर बसूनच राहिल्या. त्यांच्याकडचे दोन्ही टेकू नवऱ्याने फॅशन म्हणून हातोडीने उडवले होते. ते कुणाचे चेहरे होते, असं क्लिफर्डने विचारलं, तर त्यांना सांगता येईना. रोज ज्याच्याखालून जायचं त्याच्याकडे कोण बघतं, म्हणाल्या. मात्र हा राजाच असणार, अशी त्यांची खात्री होती. क्लिफर्डला संत वाटत होता. म्युरिअल जाता-येता एवढंच विचारी, की राजा असो की संत, भिंत कोण रंगवणार?

शुक्रवारी तोंड निघालं. मिटलेले पातळ ओठ, वर उचललेली हनुवटी, एक भुवई किंचित चढलेली. म्युरिअल कपडे वाळत घालायला निघाली होती, ती टोपली घेऊन तशीच उभी राहिली.

"क्लिफ," ती हळूच म्हणाली, "ही आमची हिल्डा आहे."

क्लिफर्डने मान तिरकी करून पाहिलं. होती खरी.

"आता तिला वाटेल, आपण मुद्दाम केलंय. झाक ते."

त्याने घाईघाईने पांढरा रंग फासला, पण औषधाच्या ओलाव्यावर तो टिकेना. हिल्डाच्या गालांवरून ओघळ येऊ लागले आणि ती रडतेय असं दिसू लागलं. ते आणखी वाईट. रंग पुसून त्याने तिच्या नाकाला आपला रेनकोट अडकवला. रेनकोट जड होता. नाक त्याच्यासकट खाली आलं. ते डिंकाने चिकटवताना जरा वरच्या बाजूला वळलं, आणि आता ती नुसती हिल्डा राहिली नाही, तर नको त्या वासाने वैतागलेली हिल्डा झाली. शेवटी म्युरिअलने त्यावर भांडी पुसायचा फडका टाकला.

भिंतीवर, कमानीखाली फडका टांगलेला दिसला तर कोणीही विचारणारच. शनिवारी आलेल्या हिल्डाने तर विचारलंही नाही. कोट काढता काढता तिने तो उचलला.

म्युरिअल स्वयंपाकघराच्या दारात किटली धरून उभी होती. क्लिफर्ड भिंतीत शिरायला जागा शोधत होता. हिल्डाने चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिली.

"म्युरिअल," ती म्हणाली, "आई इथं काय करतेय?"

"आई?"

"मग कोण? पोस्टमन बूट न पुसता आत आला होता ना, तेव्हाची. हे बघ, ही भुवई."

म्युरिअल किटली ठेवून आली. बहिणीच्या खांद्याला खांदा लावून तिने वर पाहिलं, आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. क्लिफर्डला आधी वाटलं रडली. पण ती हसत होती, आणि हिल्डाही. नाक मात्र आईचं असं नव्हतं, म्युरिअल म्हणाली. सर्दीत असंच असायचं, हिल्डा म्हणाली, आणि त्यावर दोघी आणखी हसल्या. चहा त्यांनी जिन्यावर बसूनच घेतला. सेटचा विषय निघाला. फुटलेल्या कपावर येऊन थांबला. तो फोडला कुणी, हे दोघींनाही नक्की आठवेना.

इथं आपलं काही काम नाही असं बघून क्लिफर्ड खरवडलेल्या रंगाची पिशवी मागच्या अंगणात टाकून आला. बोळात पाऊल टाकलं तर समोर अगदी शांतता. म्युरिअल त्याच्या पायांकडे बघत होती. हिल्डा त्याच्या पायांकडे बघत होती. दोघींचे ओठ मिटलेले, हनुवट्या वर, एकेक भुवई चढलेली. आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीतून तिसरी.

इतकी वर्षं संसार करून ही गोष्ट आपल्या लक्षात कशी आली नाही, याचं त्याला नवल वाटलं. त्याने मुकाट्याने बूट काढले.