उपाशी यीस्टला नैवेद्य

यीस्टला उपाशी ठेवण्यात आपला हात धरणारा अख्ख्या जपानात कोणी नाही, असं तादाफुमी कुरुसु नेहमी म्हणायचा. दुसरं कोणी म्हणत नसल्यामुळे त्याला स्वतःलाच म्हणावं लागायचं. गिफूकडच्या एका विद्यापीठात तो कराराच्या नोकरीवर होता. वय पंचेचाळीस, केस माघार घेतलेले आणि करार मार्चमध्ये संपणारा. ऑगस्टमध्ये विभागाची समिती त्याचं काम बघायला येणार होती. आवडलं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ!

"अगदी सोपं आहे हो," तो विभागाच्या सेक्रेटरी ओकिताबाईंना सांगत होता. "पेशीला पोटभर मिळतं तोवर तिच्या आत एक पहारेकरी जागा असतो. तो कामगारांना एकत्र जमूच देत नाही. खाणं तोडलं, की पहारेकरी झोपतो. मग कामगार एका जागी गोळा होतात, तिथून एक पिशवी तयार व्हायला लागते, आणि घरातलं मोडकंतोडकं सामान त्या पिशवीत कोंबून पेशी त्याचंच पुन्हा खाणं करते. त्या कामगारांना मी हिरवा चमकता रंग दिलाय. समितीच्या डोळ्यांदेखत हिरवा ठिपका उमटणार! अगदी सुरुवातीचा क्षण!"

"म्हणजे सरपण संपलं म्हणून घराची दारं जाळायची, तसं?"

"तसंच!"

"अरेरे," ओकिताबाई म्हणाल्या. "आणि हे तुम्ही त्यांना मुद्दाम करायला लावता?"

समितीचा दिवस नेमका स्मृतिपूजेचा निघाला. प्रयोगात गेलेल्या सगळ्या जीवांसाठी दरवर्षी ओबोनच्या, म्हणजे तिकडच्या पितरांच्या सणाच्या, आधी इमारतीमागच्या स्मारकाच्या दगडापुढे ही पूजा होते. उंदरांना वेगळी फुलं, माश्यांना वेगळी, यीस्टला वेगळी. उगाच कोणाला वाईट वाटायला नको! पूजेला जवळच्या मठातले र्योकाई महाराज आले होते. वय झालेलं, अंगावर तीन पदरी वस्त्रं, आणि बाहेर भट्टीसारखं ऊन.

"महाराजांना तुझ्या खोलीत बसव," विभागप्रमुख मिझोगुची सेन्सेई कुरुसुला म्हणाले. "तुझा एसी चांगला आहे."

एसी अर्थात कुरुसुसाठी नव्हता, सूक्ष्मदर्शकासाठी होता. त्याच सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बशीत, यीस्टला जगायला लागणाऱ्या नायट्रोजनचा कणही नसलेल्या पाण्यात, कुरुसुने नुकतंच यीस्ट सोडलं होतं.

महाराजांनी बशीकडे पाहून हात जोडले. "यातले कोण वारले?"

"अजून कोणी नाही, महाराज. आत्ताच उपाशी ठेवलेत."

"किती जण?"

"असतील काही लाख."

महाराजांच्या हातातला पंखा थांबला. "काही लाख! आणि यांना खायला?"

"काही नाही. थोड्या वेळाने स्वतःलाच खायला लागतील. तीच तर गंमत आहे!"

महाराजांना यात गंमत दिसली नसावी. भुकेल्या आत्म्यांना जेवू घालणं हे त्यांच्या मठाचं पिढ्यान्पिढ्यांचं काम. आणि इथे तर माणसांनी जिवंतपणीच लाखो भुकेले आत्मे तयार करून ठेवलेले! "मी यांचं काही बघू का?" त्यांनी हळूच विचारलं.

इथे कुरुसुने 'नको' म्हणायला हवं होतं. पण महाराजांना कोणी नको म्हणत नाही. खरं तर तिकडे कोणी कोणालाच म्हणत नाही. "आपली कृपा असू द्या," तो कमरेत वाकून म्हणाला, आणि मिझोगुचींची हाक आली म्हणून खाली मांडामांड करायला पळाला.

पूजा लांबली. सगळे घामाने निथळत वर आले. समितीचे अध्यक्ष उगाकी सेन्सेई पहिल्या रांगेत बसले. चेहरा सुट्टीच्या दिवशीच्या टपाल कचेरीसारखा. भिंतीवरच्या पडद्यावर पेशी उमटल्या. गोल, हिरव्यागार, सुखी.

"आता ठिपका दिसेल," कुरुसु म्हणाला.

ठिपका दिसला नाही. दिसलं ते असं, की जिकडेतिकडे पेशींना कोंब फुटले होते. पडद्यावर नुसती बारशाची गर्दी!

"हे उपाशी आहेत?" उगाकींनी विचारलं.

"हो, सेन्सेई."

"मग यांना मुलं कशी होतायत? इथे पोटभर जेवणाऱ्या अख्ख्या देशाला होत नाहीत."

कुरुसु पडद्याजवळ जाऊन बघू लागला. तेवढ्यात त्याची विद्यार्थिनी नागाई उभी राहिली. "चूक माझी. मी बशी नीट धुतली नसेन." बशी कोरी करकरीत होती, पण ती वाकली. "नाही, नाही, माझी," ओकिताबाई उठल्या. "सामान मी मागवलं होतं." मिझोगुचींना मागे राहून चालणार नव्हतं. "विभागप्रमुख म्हणून चूक माझीच!" मग समितीतल्याच एकाने, आपण इतके जण आत शिरल्यामुळे खोली गरम झाली असेल, म्हणून माफी मागितली. गुन्हेगार इतके झाले की गुन्हा शोधायला कोणी शिल्लकच राहिलं नाही!

एवढ्यात पडद्यावर डावीकडून एक पांढराशुभ्र डोंगर सरकत आला.

"हे काय?"

"बुडबुडा," कुरुसु म्हणाला.

"भाताचं शीत आहे," नागाई म्हणाली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

"जेवले का सगळे?" दारातून आवाज आला. र्योकाई महाराज थर्मास घेऊन उभे होते. "मठातलं आमाझाके आहे. आंबवलेल्या भाताचं गोड पेय. मी त्यांना थोडंसंच घातलं, पण मंत्र म्हणून घातलं हो. तुम्हीही घ्या."

आता महाराजांवर चिडणार कोण? सगळ्यांनी वाकून आभार मानले. सगळ्यांत खाली कुरुसु वाकला. उगाकींनी एक पेला घेतला, आवडलं म्हणून आणखी अर्धा घेतला.

"सेन्सेई, थोडा वेळ दिलात तर मी पुन्हा—"

"नको, कशाला त्रास," उगाकी पेला पुसत म्हणाले. "फारच रंजक काम आहे, कुरुसु सान. आम्ही विचार करू."

'विचार करू' म्हणजे तिथे विचार होऊन गेलेला असतो.

हिवाळ्यात विभागाचा निधी आटला. वरून येणारं खाणं तुटलं म्हणा ना. बैठक झाली, कोणी आवाज चढवला नाही. ज्याच्यावाचून अडणार नाही, तिथून सुरुवात करायची ठरलं. एका सकाळी कुरुसुच्या दारात माणसं जमू लागली. आधी दोघं, मग चौघं, मग हातगाड्या, मग खोकी. सूक्ष्मदर्शक वरच्या मजल्यावर गेला. फ्रीज मिझोगुचींकडे गेला. नागाई शेजारच्या प्रयोगशाळेत गेली, जाताना रडली. कुरुसु खिडकीपाशी बसून बघत होता. सुरुवात कशी होते हे इतकं स्पष्ट त्याला कधीच दिसलं नव्हतं. रंगसुद्धा द्यावा लागला नाही.

शेवटी पलीकडच्या प्रयोगशाळेतला एक तरुण त्याच्यासमोर येऊन अवघडून उभा राहिला.

"कुरुसु सान, माफ करा... ही खुर्चीपण न्यायची होती."

"अरे, अरे, माफ करा!" कुरुसु ताडकन उठला आणि वाकला. "मी उगाच अडवून बसलो."