उत्तम स्थितीतील गवत

विद्यापीठाच्या विशेष संग्रह विभागातली एकही वस्तू आजवर खराब झालेली नाही, याचा विद्यापीठाला सार्थ अभिमान आहे. खराब होण्यासाठी ती आधी कोणीतरी पाहावी लागते.

माझ्या आत्यानं वनस्पतिशास्त्र विभागात चित्रकार म्हणून आयुष्यभर गवतं काढली. निवृत्त होताना सगळी चित्रं विद्यापीठाच्या हवाली केली आणि टाळ्या घेऊन घरी आली. आता तिची नजर चालली होती. "जे बघायचं ते लवकर बघून घ्या," डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले. आत्याला जगप्रवास नको होता, आपली गवतं एकदा बघायची होती. म्हणून तिला हाताला धरून मी संग्रहप्रमुखांकडे नेलं.

"चित्रं तुम्हीच काढलेली?" प्रमुख गंभीर झाले. "मग तर अवघड आहे. स्वतःचं चित्र दिसलं की चित्रकाराचे हात शिवशिवतात. एक रेघ वाढली की मूळ प्रत संपली."

"अहो, मूळ मीच आहे!" आत्या म्हणाली.

"तशी आमच्याकडे नोंद नाही. रीतसर अर्ज करा."

अर्ज केला. विभागाचा नियम सरळ होता: ज्या वस्तूला मागणी, तिला धोका. अर्ज पोचताच चित्रं उघड्या फडताळातून कुलूपबंद कपाटात गेली. मी स्मरणपत्र दिलं, तेव्हा 'मागणी वाढती' असा शेरा पडून ती तळघरात गेली. मग ओळखीपाळखी काढून मी कुलगुरूंची चिठ्ठी आणली. प्रमुखांनी ती उभं राहून वाचली, आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडी ज्यांचं नाव आलं त्या चित्रांसाठी पोलादी तिजोरी मागवली. एव्हाना आत्या मला आवाजावरून ओळखू लागली होती.

"मागून मिळत नाही ना? मग नको म्हणून बघू," एके दिवशी ती म्हणाली.

तिनं मला तक्रार सांगितली, मी लिहिली: सदर चित्रं निरुपयोगी असून जागा अडवतात, सबब त्यांचं निर्लेखन करावं, म्हणजे ती मोडीत काढावी. विभाग खडबडून जागा झाला. कारण निर्लेखनापूर्वी समितीनं तक्रारदारासमक्ष प्रत्येक वस्तू उघडून पाहणं बंधनकारक होतं. आम्ही जिंकलो म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते. समिती नेमायला तेवढा हिवाळा गेला, आणि उन्हाळाही.

बैठकीच्या दिवशी आत्याला अगदी पुढची खुर्ची मिळाली. तिजोरी उघडली, चित्रं एकेक करून टेबलावर आली. समितीतले सदस्य जांभया द्यायचे थांबले. एका बाईंनी तर चष्मा पुसून पुन्हा लावला.

आत्या समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिनं माझा हात चाचपला. "कुसळं दिसतात का गं?"

"दिसतात. त्यांच्या सावल्यासुद्धा."

"आणि खालच्या पानावर दवाचा थेंब?"

मी चित्रावर वाकले. प्रमुखांनीच उत्तर दिलं, "आहे ना आजी! कालच पडल्यासारखा." मग ते समितीकडे वळले. "बघितलंत? म्हणून आम्ही कोणाला दाखवत नाही."

समितीनं एकमतानं तक्रार फेटाळली. चित्रं अमूल्य ठरली आणि कायमची बंद झाली. आम्हाला दारापर्यंत सोडताना प्रमुख भारावले होते. "आजी, तुम्हाला पुन्हा बघावीशी वाटली तर नवीन अर्ज लागेल हं."

"पुन्हा?" आत्या म्हणाली, आणि पायरी कुठे आहे ते पायानं शोधू लागली.

वाचकहो, तुम्हाला राग आला असेल. यायलाच हवा. मलाही आला होता. मी तो नीट घडी घालून ठेवला आहे. तुमचाही ठेवा. वापर होणार नाही, त्यामुळे उत्तम स्थितीत राहील.