सभेला आलेल्या सवाष्णी

"खोली मिळेल," जयमाला दारातूनच म्हणाली, "पण साहेबांची एक अट आहे. गावातल्या बायका पायजेत."

सुनीतीबाई भिंतीवर जिवतीचा कागद चिकटवत होत्या. खळीची बोटं तशीच वर धरून त्यांनी विचारलं, "गावातल्या म्हणजे?"

"वाशीगावातल्या. साहेब म्हणाले, नुसतं बिल्डिंगमधल्या बायकांचं मंडळ असेल तर ते हळदीकुंकवाचं मंडळ. गाव आणि कॉलनी एकत्र दिसली, तरच खोली आणि वरचं अनुदान. शुक्रवारी दुपारी ते स्वतः सभा बघायला येतायत."

जयमाला महिला मंडळाची चिटणीस होती आणि सुनीतीबाई अध्यक्ष. अध्यक्ष झाल्या त्या केवळ निवडणुकीच्या दिवशी त्यांचा उपास होता आणि नाही म्हणायला अंगात त्राण नव्हतं म्हणून, असं त्यांचे यजमान श्यामसुंदर सांगत. मंडळाचं काम एकच, पण ते खरं होतं. तळमजल्यावरच्या एका रिकाम्या ब्लॉकमध्ये मंडळ बालवाडी चालवत असे. सकाळी आठच्या बसनं खाडीपूल ओलांडून मुंबईला नोकरीला जाणाऱ्या आया आपली मुलं तिथं सोडून जात. आता त्या ब्लॉकचा मालक गणपतीनंतर राहायला येणार होता. खोली मिळाली नाही, तर मुलं कुठं ठेवायची हा प्रश्न होता. दोघी-तिघी तर नोकरी सोडायच्या गोष्टी करू लागल्या होत्या.

नव्या शहराच्या कचेरीत समाजविकासाचा एक विभाग होता. मंडळांना नाममात्र भाड्यानं खोल्या आणि थोडंफार अनुदान द्यायचं काम तिथल्या रिसबूड साहेबांकडे होतं. ते कडक होते अशी ख्याती होती.

"नोटीस काढू," जयमाला म्हणाली. "एक पोरगा पाठवून गावात वाटून टाकू."

"कागद पाहून कुणी येतं का गं? घरी जाऊन बोलवायला हवं."

"मग तुम्हीच जा. मला ऑफिस आहे."

मंगळवारी मंगळागौरीची दोन घरं उरकून सुनीतीबाई गावात गेल्या. जाताना त्यांनी हळदीकुंकवाचा करंडा बरोबर घेतला. त्यात विशेष काही नव्हतं. श्रावणात सवाष्णीच्या दारात जायचं आणि कुंकू न लावता परतायचं, हे त्यांच्या हातून झालंच नसतं. प्रत्येक उंबऱ्यावर त्या कुंकू लावत आणि म्हणत, "शुक्रवारी दुपारी आमच्याकडे मंडळाची सभा आहे. लेकराबाळांसाठीच आहे. नक्की यायचं हं." बायका लाजत मान डोलवत. शेवंताबाई म्हणून एक ठसठशीत बाई होत्या. त्यांनी तर हातातलं सूप खाली ठेवून नमस्कार केला आणि शेजारणीला हाक मारली, "ए पुतळे, ये गो भायेर! कालनीतल्या बाय आयल्यान, कुकू लावून घे!"

घरी येऊन सुनीतीबाईंनी देवापुढं साखर ठेवली. "सगळ्या येणार," त्यांनी जयमालाला सांगितलं. "एकीनंही नाही म्हटलं नाही."

"बघा! आपण उगाच टेन्शन घेतलं."

शुक्रवारी सकाळी सुनीतीबाईंनी पुरण घातलं. दरवर्षी जिवतीच्या शुक्रवारी त्या एक लेकुरवाळी सवाष्ण जेवायला घालत आणि यंदा तो मान जयमालाचा होता. जयमालानं त्यासाठी रजा टाकली होती. सभेसाठी चहा आणि चिवडा. साहेबांसाठी बशीत दोन पेढे जास्त. पुढच्या खोलीत सतरंज्या अंथरल्या, बालवाडीतून आणलेल्या फळ्यावर रंगीत खडूनं "सुस्वागतम्" लिहिलं, आणि जयमाला हार घेऊन साहेबांना आणायला बसस्टॉपवर गेली.

बाराच्या सुमारास फाटकातून बायका येऊ लागल्या.

आधी सुनीतीबाईंना भरून आलं. नहाऊन, नवी लुगडी नेसून, अंबाड्यात फुलं माळून तीसेक बायका ओळीनं येत होत्या. कुणाच्या हातात नारळ, कुणाकडे तांदूळ. प्रत्येकीच्या कडेवर एक आणि पदराला एक अशी पोरं. सभेला इतक्या नटून येणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या नव्हत्या. आल्या आल्या सगळ्या भिंतीवरच्या जिवतीच्या पाया पडल्या आणि सतरंजीवर ओळीनं बसल्या. समोरासमोर, दोन ओळींत. मध्ये वाढणाऱ्याला जायला वाट सोडून.

सुनीतीबाईंनी चहाचा ट्रे फिरवला. कुणी कप उचलेना.

"घ्या ना. संकोच कसला?"

"चा कसा घेवा बाय?" शेवंताबाई म्हणाल्या. "जेवल्याबिगर? आज आमी सवाशिनी हाव ना."

सुनीतीबाईंनी ट्रे खाली ठेवला.

"म्हणजे... तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं नाही?"

"या बाय!" पुतळा हसली. "सवाशीन काय खाऊन येते?"

"पण शेवंताबाई, मी... मी सभा म्हटलं होतं."

"सबा बोललाव, खरा हाय. पन शुक्रवार सांगलाव, श्रावनाचा. हातान करंडा. कुकू लावलाव. लेकरांसाठी बोललाव. आमी म्हटला, कालनीन जेवनाला सबा बोलत असतील."

यात चूक कुणाची, हे सुनीतीबाईंना कितीही विचार केला तरी सांगता आलं नसतं. श्रावणातल्या शुक्रवारी दारात येऊन कुंकू लावणं म्हणजे जेवणाचं आमंत्रण, हे त्यांच्या आईनंच त्यांना शिकवलं होतं. बोलण्यापेक्षा करंडा मोठा, हे गावातल्या बायकांना कळलं होतं आणि त्यांना स्वतःला नाही.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. श्यामसुंदर रजेवर नसूनही घरी होते, कारण त्यांना पुरणपोळी आवडत असे.

"अहो, एका सवाष्णीचं पुरण आहे आणि तीस सवाष्णी आल्यात."

"मग खरं सांगून टाक. चिवडा दे आणि सभा सुरू कर. एक वाजता साहेब येतायत."

"जिवतीच्या शुक्रवारी उपाशी सवाष्ण दारातून परत पाठवू?" सुनीतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आताही चढला नाही. "खोली गेली तरी चालेल. मुलांसाठी ज्या देवीला हात जोडायचे, तिच्याच दारात हे करायचं? आधी पानं मांडायची. मग सभा झाली तर झाली."

"आणि साहेब?"

"त्यांनाही जेवू घालू."

यापुढं बोलण्यात अर्थ नव्हता. श्यामसुंदर स्टोव्ह मागायला निघाले. "माझा मित्र मारोती मागच्या सेक्टरमध्ये राहतो. त्याचा स्टोव्ह मोठा आहे. त्याला मदतीला पुढं पाठवतो, मी रॉकेल घेऊन येतो."

सुनीतीबाई जिने चढू लागल्या. त्या दिवशी बिल्डिंगमध्ये घरोघरी पुरण होतं, हे एक बरं होतं. कुणी पातेलं दिलं, कुणी अर्धं दिलं, एकीनं नैवेद्य बाजूला काढून सगळं दिलं. कोकणातलीचं गुळाचं, देशावरचीचं जायफळ घातलेलं, तिसरीचं साखर घातलेलं, चौथीची डाळ तुरीची. सगळी पुरणं एका पातेल्यात एकत्र झाली आणि त्यांना स्वतंत्र अशी चव राहिली नाही. शिवाय पुरण झालं तरी पोळ्या कोण लाटणार? घरातला गॅस पंधरा पोळ्यांनंतर फुरफुरला आणि विझला.

शेवंताबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पातेल्यात पाहिलं, शेगडीकडे पाहिलं, आणि सुनीतीबाईंच्या तोंडाकडे पाहिलं.

"बाय, तांदलाचा पीठ हाय का?"

"आहे. पण सवाष्णींनी कामाला हात लावायचा नसतो हो."

"भुकेलेल्या सवाशिनीनी लावला तर चालतं." आणि बाहेर वळून, "उठा गो! कासोटे खोचा!"

नव्या शहरात तेव्हा विटांना तोटा नव्हता. शेजारी अर्धी बिल्डिंग उभीच होती. पाच मिनिटांत अंगणात चार चुली मांडल्या गेल्या. वाळूच्या ढिगाआडून फळ्यांचे तुकडे आले. गावातल्या बायका तांदळाच्या भाकऱ्या थापू लागल्या आणि कॉलनीतल्या बायका, ज्या आजवर गॅलरीतून फक्त वाकून बघत, त्या पाणी, पीठ, तवे घेऊन खाली उतरल्या. बालवाडीतली पोरं आणि गावातली पोरं एकत्र होऊन वाळूत घुसली. त्यांतली कुठली कुणाची, हे थोड्याच वेळात आयांनाही ओळखता येईना.

त्या धुरातून सफारीतले एक गृहस्थ आत आले. हातात पिशवी, कपाळावर घाम.

"इथं महिला मंडळाची..."

"आलात? बरं झालं," सुनीतीबाई म्हणाल्या. मारोतीला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "स्टोव्ह आता नको, चुली पेटल्यात. पण भावोजी, एवढं पाणी वाढता का? पानं मांडलीत आणि हात कमी पडतायत."

"अहो, पण मी सभा..."

"सभा नंतर हो. आधी जेवणं." आणि त्यांनी तांब्या त्यांच्या हातात दिला. त्या इतक्या मऊपणे बोलत, की समोरच्या माणसाला नाही म्हणायला कुठं फटच सापडत नसे. गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं, पिशवी खुंटीला अडकवली आणि वाकून पाणी वाढायला सुरुवात केली.

"ओ भावोजी, हिकडं!" पंगतीतून हाक आली. "ह्या पेल्यान पानी नाय!"

"वाकून वाढा की. पाटील झाल्यासारखे काय उभं ऱ्हाता?"

पंगत हसली. गृहस्थही जरा हसले. मग त्यांनी सफारीच्या बाह्या वर केल्या. थोड्या वेळानं त्यांच्या कडेवर एक नाक वाहणारं पोर आलं, ते कुणी दिलं हे त्यांनाही आठवेना. मधेच त्यांनी दबकत विचारलं, "मलाही एखादी भाकरी..."

"बापयांची पंगत मंगारी!" शेवंताबाई म्हणाल्या. "आधी सवाशिनी."

पुरण आणि तांदळाची भाकरी हा बेत त्याआधी कुणी केला असेल असं वाटत नाही. पण कॉलनीतल्या बायकाही पंगतीत बसल्या आणि पातेलं घासून रिकामं झालं. जेवता जेवता पुतळानं विचारलं, "हिकडं पोरांना काय शिकवतात?" मग एका कॉलनीतल्या बाईनं तिला फळा दाखवला, दुसरीनं गाणी म्हणून दाखवली. "आमचीं पोरं घेतील का?" "न घ्यायला काय झालं? खोली असती तर." "खोली नाय?" "नाही ना." "मंग? यवडी जमीन घेतली आमची, त्यान एक खोली नाय?" गृहस्थांच्या तांब्यातलं पाणी जरासं सांडलं.

तेवढ्यात जयमाला फाटकातून धापा टाकत आली. हार सुकून दोरी झाला होता.

"साहेब आलेच नाहीत! तीन बस बघितल्या. सगळं फुकट गेलं, सुनीतीबा..." ती थबकली. तिचा हात तोंडावर गेला. "अगं बाई! साहेब, तुम्ही? दुसऱ्या बाजूनं आलात?"

पंगतीतल्या माना एकदम वळल्या. सुनीतीबाईंनी पदर सावरला. मारोती घरी न भेटल्यानं श्यामसुंदर नुसता रॉकेलचा डबा घेऊन त्याच वेळी आत येत होते, ते डब्यासकट परत बाहेर गेले.

रिसबूड साहेबांनी तांब्या खाली ठेवला. पोर मात्र कडेवरच राहिलं, कारण ते उतरेना. "सभा कधी सुरू होणार आहे?" त्यांनी विचारलं.

जयमाला घाईघाईनं म्हणाली, "ही काय, सभाच चाललीये साहेब! गावातल्या सभासद..."

"तुम्ही या मंडळाच्या सभासद आहात?" साहेबांनी शेवंताबाईंना विचारलं.

"नाय," शेवंताबाई म्हणाल्या.

जयमालानं डोळे मिटले. सुनीतीबाई पुढं आल्या. "साहेब, चूक माझी. मी यांना सभेला बोलावलं, पण करंडा घेऊन गेले. या जेवायला आल्या. यांना मंडळाचं काही ठाऊक नाही. खोली नाही दिलीत तरी मी मनात ठेवणार नाही. पण तुम्ही उपाशी जाऊ नका, तेवढं करा."

साहेब पाटावर बसले. शेवंताबाईंनी त्यांच्या पानात भाकरी वाढली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि मगच तोंड उघडलं.

"मी आजवर बऱ्याच मंडळांच्या सभा बघितल्यात. गावातल्या बायका मागच्या ओळीत बसतात, चहा घेतात आणि जातात. मला कुणी तांब्या दिला नव्हता." मग शेवंताबाईंकडे वळून, "सभासद व्हाल का?"

"कोनी इचारला तर व्हवू की," शेवंताबाई म्हणाल्या. "आजपरयंत इचारला कोनी?"

खोली मंजूर झाली. वर मुलांच्या खाऊसाठी अनुदानही मिळालं आणि खाऊ रांधायला शेवंताबाई येऊ लागल्या. दसऱ्याला उद्घाटन ठरलं. साहेब फीत कापायला आले तेव्हा दाराशी चपलांचा ढीग होता. कॉलनीतली मुलं आत, गावातली मुलं आत, पुतळाच्या जावेची जुळी खिडकीत. अध्यक्ष, चिटणीस आणि शेवंताबाई बाहेर विटांवर बसलेल्या. साहेबांनी फीत बाहेरूनच कापली. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती.

टाळ्या वाजल्या. सुनीतीबाई साहेबांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "साहेब, ही शेजारची खोली बंद दिसते. कुणाची हो?"

रिसबूड साहेबांनी वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तीही द्यावी लागली असती. ते सरळ समोर बघत म्हणाले, "सोमवारी अर्ज आणा."