परांजपेकाकांचा किनारा

जर्मनीतल्या आमच्या नेकारसुल्म गावात कुणी सुट्टीत स्वित्झर्लंडला निघालं, की परांजपेकाका त्याला जपानचा रस्ता सांगत. जपान म्हणजे टोकियो नव्हे. दोन गाड्या बदलून पुढे बसनं गाठायचा एक कोळ्यांचा किनारा.

काका आमच्या कारखान्यातले जुने इंजिनिअर. तरुणपणी ट्रेनिंगसाठी काही महिने त्या किनाऱ्याजवळ राहिलेले. तेव्हापासून जगातलं दुसरं काही त्यांच्या पसंतीस उतरलं नाही. हायडेलबर्गचा किल्ला पाहून जर्मन ढंगात म्हणाले, "आल्झो, ठीक आहे. पण समुद्र कुठंय?"

दगडी दीपस्तंभ, खलाशांनी वाहिलेली जहाजांची चित्रं टांगलेलं देऊळ, श्वास रोखून समुद्रात बुड्या मारणाऱ्या बायकांची झोपडी, हे सगळं ते पोरांच्या वाढदिवसालासुद्धा केक हातात धरून ऐकवत. केक तसाच राही. फोटो मागितला तर म्हणत, "ते बघायचं नसतं रे, तिथं बसायचं असतं."

काकू जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल काका बोलत नसत, म्हणून आम्हीही विषय काढत नसू.

पुढे कामानिमित्त मी जपानला गेलो. एका रविवारी तिथल्या सहकाऱ्याला दुभाष्या म्हणून घेतलं आणि काकांचा किनारा गाठला. सगळं त्यांनी सांगितलं तसंच होतं. झोपडीत शेकोटीपाशी एक म्हातारी अंग शेकत बसली होती. मी परांजप्यांचं नाव काढताच तिनं विचारलं, त्यांची बायको कशी आहे?

काकूही तिथं होत्या, हे मला ठाऊकच नव्हतं. काका कामावर गेले की त्या दिवसभर याच बायकांत बसत, म्हातारी म्हणाली. त्या गेल्याचं मी सांगितलं. म्हातारी उठली, आम्हाला देवळात घेऊन गेली आणि हात जोडून काकूंचं नाव घेत बराच वेळ उभी राहिली.

परतल्यावर मी हे काकांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, "काय नाव घेतलं तिनं?"

"नारिनी-सान. त्यांना ल म्हणता येत नाही ना."

काका हसले. चष्मा काढून पुसत बसले.

"मुलगी आईला इथल्या पोरांसारखं 'मामा' म्हणायची, तुम्ही सगळे काकू. मी जन्मभर नुसतं 'अगं'. नलिनीला नावानं हाक मारणारी तेवढी तीच."

चष्मा त्यांनी परत घातला नाही.

"कशी म्हणाली ती? परत एकदा म्हण ना."